रिकामा मेल आणि रिकामा दिसणारा मेल

पाठवणारा अनोळखी, विषयाची जागा कोरी, आणि उघडून पाहावं तर आत काहीच नाही. असा मेल आला की आपण तो पुसून मोकळे होतो. पण पडद्यावर कोरे दिसणारे मेल दोन जातींचे असतात. एकात मजकूर खरोखरच नसतो. दुसऱ्यात तो असतो, पण मेलची बांधणी मोडल्यामुळे किंवा मुद्दाम लपवल्यामुळे आपल्याला दिसत नाही. तक्रार करायची असेल तर आधी हा फरक ओळखावा लागतो, कारण दोन्हींतला पुरावा वेगळ्या जागी असतो.

मेल म्हणजे मुळात मजकुराची एक फाइल. वर हेडर, म्हणजे कोणाकडून, कधी, कुठल्या सर्व्हरमधून आला याच्या ओळी. मग एक कोरी ओळ. तिच्याखाली आपण वाचतो तो मजकूर. इंटरनेटचे तांत्रिक नियम ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांक दिलेल्या दस्तऐवजांत असतात; १९८२ च्या आरएफसी ८२२ मध्ये ही रचना आहे आणि २००८ च्या आरएफसी ५३२२ मध्येही तीच आहे. या दुसऱ्या नियमाप्रमाणे हेडरात तारीख आणि पाठवणारा या दोनच गोष्टी सक्तीच्या आहेत. विषय नसला तरी चालतो, मजकूर नसला तरीही चालतो. म्हणजे खरा रिकामा मेल नियमाच्या दृष्टीने निर्दोष असू शकतो.

मग तो पाठवतात कशाला? एक कारण म्हणजे पत्त्यांची चाचपणी. अंदाजाने बनवलेल्या हजारो पत्त्यांवर मेल सोडायचे. जे ‘असा पत्ता नाही’ म्हणून परत येत नाहीत ते जिवंत धरायचे. दुसरं कारण साधं आहे: स्पॅम पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये मजकूर भरायचाच राहून गेला. हातातल्या एका मेलवरून यातलं नेमकं कोणतं ते सांगता येत नाही, आणि तक्रारीसाठी ते सांगावंही लागत नाही.

रिकामा दिसणारा मेल जास्त गुंतागुंतीचा. हेडर आणि मजकूर यांच्यामधली ती कोरी ओळच गळाली, तर मेल वाचणारा प्रोग्रॅम मजकुरालाही हेडर समजून गिळून टाकू शकतो. मेलचे अनेक भाग असतात तेव्हा ते वेगळे करणारी एक खूण हेडरात जाहीर केलेली असते. जाहीर केलेली खूण एक आणि आत वापरलेली दुसरीच, असं झालं की प्रोग्रॅमला एकही भाग सापडत नाही. कधी साध्या मजकुराचा भाग कोरा ठेवून सगळा ऐवज एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानं ज्या खुणांनी मांडतात त्या भाषेतल्या, भागात असतो, आणि आपला प्रोग्रॅम साधाच भाग दाखवतो. कधी पांढऱ्यावर पांढरी अक्षरं. कधी आत फक्त एक चित्र, आणि बाहेरची चित्रं आपण बंद ठेवलेली.

या शेवटच्या प्रकाराला मी सर्वांत जपून असतो. ते चित्र एका ठिपक्याएवढं असलं तरी पुरतं. ते उतरवून घेतलं गेलं की हा मेल उघडला गेला, हे पाठवणाऱ्याला कळू शकतं. म्हणून मेल कोरा दिसला म्हणून ‘चित्रं दाखवा’ कधीही दाबू नका. खऱ्या रिकाम्या मेलमध्ये उतरवून घेण्यासारखं काही नसतं. तरी त्याच्या हेडरात वाचल्याची पावती मागितलेली असू शकते. प्रोग्रॅमने विचारलं तर नकार द्या.

दोन्हींतला फरक मेलचा मूळ मजकूर उघडला की कळतो. जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेनूत ‘शो ओरिजिनल’ आहे, थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबा. हेडरची शेवटची ओळ शोधा आणि तिच्याखाली बघा. काहीच नसेल तर मेल रिकामा. अक्षरांची लांबलचक रांग, एचटीएमएलच्या खुणा किंवा लिंक दिसल्या तर तो मोडलेला किंवा लपवलेला. लिंक वाचा, पण उघडू नका.

खऱ्या रिकाम्या मेलचा सगळा पुरावा हेडरात असतो, आणि तिथेही सगळ्यावर विश्वास ठेवता येत नाही. ‘फ्रॉम’ची ओळ कोणीही बनवू शकतो. ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी प्रत्येक सर्व्हर वरच्या बाजूला जोडत जातो, त्यामुळे खालच्या ओळी खोट्या असू शकतात. आपल्या मेलसेवेने स्वतः जोडलेल्या वरच्या ओळींमध्ये बाहेरून मेल ज्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या संगणकाच्या क्रमांकावरून, आला तो सापडतो. तो कोणाच्या नेटवर्कचा हे ‘हूइज’ शोधातून कळतं. त्या नोंदीत तक्रारीचा पत्ताही बहुधा मिळतो; ‘अब्यूज’ या नावाने असा पत्ता ठेवण्याची पद्धत १९९७ च्या आरएफसी २१४२ ने घालून दिली. मोडलेल्या मेलची तक्रार दोन दिशांना जाऊ शकते: मेल जिथून निघाला त्या नेटवर्ककडे, आणि आतली लिंक ज्या सर्व्हरवर नेते त्याच्या मालकाकडे.

साधं फॉरवर्ड करू नका. त्यात मूळ हेडर गळतं आणि तक्रारीला अर्थ उरत नाही. मेल अटॅचमेंट म्हणून जोडा किंवा मूळ मजकूर जसाच्या तसा डकवा. मोडलेला मेल नीटनेटका करून पाठवायचा मोह टाळा. ती मोडतोडच पुरावा आहे. रिकाम्या मेलबरोबर ‘मूळ मेलला मजकूर नव्हता’ एवढी ओळ आपल्या पत्रात लिहा, म्हणजे काही जोडायचं राहिलं असा समज होत नाही. एवढा वेळ नसेल तर मेलसेवेचं ‘स्पॅम’चं बटण दाबा. पुसून टाकण्यापेक्षा ते केव्हाही बरं, कारण त्यातून सेवेच्या गाळणीला एक नमुना मिळतो.

फक्त मोडलेल्या मेलच्या बाबतीत बटण दाबण्याआधी एकदा पाठवणाऱ्याचं नाव बघा. ओळखीच्या माणसाच्या प्रोग्रॅममध्ये बिघाड झाला तरी त्याचा मेल असाच कोरा दिसतो. तसं वाटलं तर त्या मेलला उत्तर देऊ नका. फोन करून विचारा.