भूकंपाआधी हवेतील वीज बदलते का? : पार्श्वभूमी

निरभ्र दिवशीही जमिनीलगतच्या हवेत दर मीटरला साधारण १०० ते १५० व्होल्टचे विद्युतक्षेत्र असते. १८६० च्या सुमारास लॉर्ड केल्विन यांनी पाण्याचे थेंब पाडणारे उपकरण वापरून ते सलग नोंदवण्याची सोय केली. भूकंपाशी त्याचा संबंध लावला जाऊ लागला तो बऱ्याच उशिरा. १९६५ पासून जपानमध्ये मात्सुशिरोला धक्क्यांची मालिका चालली, तेव्हा आकाशातल्या उजेडाची छायाचित्रे मिळाली. १९६६ च्या ताश्कंद भूकंपाआधी खोल विहिरीच्या पाण्यात रेडॉन हा किरणोत्सारी वायू वाढल्याचे दिसले.

रेडॉन हाच या कल्पनेचा कणा. खडकांवर ताण आला की बारीक भेगा पडतात आणि वायू वर येतो. त्याच्या अणूतून बाहेर पडणारा एक अल्फा कण हवेत सुमारे दीड लाख आयनजोड्या (धन-ऋण भारित कणांच्या जोड्या) तयार करतो. हवेची वाहकता वाढते, क्षेत्र उतरते. अडचण अशी, की शांत, निरभ्र रात्री रेडॉन भूकंपाविनाही जमिनीलगत साचतो आणि उन्हं तापली की विरतो. कोयना (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) हे दोन्ही भूकंप पहाटे चारच्या आसपासचे, म्हणजे नेमके या साचण्याच्या वेळचे.

पुण्यात मोजायचे तर फील्ड मिल हे विद्युतक्षेत्र मोजणारे उपकरण लागते. फिरणारी, जमिनीला जोडलेली पाती खालच्या पट्ट्या झाकते-उघडते. १०० चौरस सेंटिमीटरच्या पट्टीवर १०० व्होल्ट प्रतिमीटरला जेमतेम ९ पिकोकूलॉम भार येतो. म्हणून इन्सुलेटरवर ओल किंवा कोळ्याचे जाळे आले की आकडा बिघडतो, फिरत्या पातीला जमिनीशी जोडणारा अर्थिंगचा ब्रश झिजला की नोंदीतला गोंगाट वाढतो. पावसापासून वाचवायला मिल खांबावर उलटी टांगतात, पण खांबामुळे क्षेत्र एकवटते. जमिनीशी समतल बसवलेल्या मिलशी ताडून गुणक काढल्याशिवाय त्या नोंदीला अर्थ नाही. एप्रिल-मेमधले वळवाचे ढग क्षेत्र हजारो व्होल्ट प्रतिमीटरपर्यंत नेतात आणि उलटवतातही. ते दिवस सरळ वगळावेत.

कोयना पुण्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटर. रेडॉनचे अर्धायुष्य ३.८ दिवस असले, तरी इतक्या अंतरात वारा तो पातळ करून टाकतो. त्यामुळे मिल कोयनेच्या खोऱ्यातच हवी, शेजारी रेडॉनमापक, वारा आणि आर्द्रतेची नोंद हवी. तिथे १९६७ पासून पाच किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे वीसहून अधिक धक्के बसले आहेत. क्षेत्र उतरले पण धक्का बसला नाही असे दिवसही तितक्याच काटेकोरपणे मोजता येतील, अशी जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.