बाईचा राग आणि वाफेचं इंजिन

पैसे मोजून बाटल्या आणि जुने टीव्ही फोडायच्या 'रेज रूम' हल्ली खास बायकांसाठी म्हणून खपवल्या जातात. वर्षानुवर्षं गिळलेला राग एकदाचा बाहेर काढा म्हणे! गिळू नये, हे खरंच. भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याच्या प्रयोगांत चेहरा शांत राहतो, पण आतली सिंपथेटिक मज्जासंस्था (शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी) उलट जास्तच चेतवलेली आढळते. मात्र गिळणं घातक म्हणून फोडणं हितकारक, हे कुठून आलं?

वाफेच्या इंजिनांच्या काळातून. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी हिस्टेरियाच्या (शारीरिक कारण न सापडणारे झटके, लकवे वगैरे) रुग्ण स्त्रियांबद्दल लिहिताना कोंडलेल्या भावनेचा निचरा ही कल्पना मांडली. 'हिस्टेरिया' हा शब्दच ग्रीकमधल्या गर्भाशयावरून आलेला. बाईचं बिनसलं की दोष गर्भाशयाचा, ही समजूत अजून पुरती मेलेली नाही. आता तिथे 'हार्मोन्स' म्हणतात, इतकंच.

राग म्हणजे वाफ नव्हे. अपमान झाला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून इशारा निघतो आणि मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, रक्तदाब चढतो. रक्तातलं ॲड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं, पण मागून सावकाश चढणाऱ्या कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनला ओसरायला तासभर तरी लागतो. ('राग फक्त ९० सेकंद टिकतो' हा लाडका दावा इथेच गळपटतो.) आणि मला सर्वांत मोहवणारी गोष्ट अशी, की या धडधडीवर कारणाची चिठ्ठी चिकटवलेली नसते. जिना चढल्याची धडधड आणि अपमानाची धडधड, शरीराच्या लेखी जवळपास सारखीच. एकीकडची उरलेली उत्तेजना मेंदू दुसरीकडे जमा करतो, हे मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७१ पासून दाखवून दिलं. म्हणजे हातोडा मारून चढलेली धडधडही रागाच्याच खात्यात पडते.

बडवल्याने राग उतरतो का, हे मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर, त्यांत निम्म्या मुली, तपासलं. निबंधावर अपमानास्पद शेरे मारून त्यांना चिडवलं. शेरे मारणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅग बडवणारे सर्वांत जास्त चिडलेले राहिले. नुसते दोन मिनिटं बसून राहिलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही श्वसन, ध्यान, शिथिलीकरण यांनी राग उतरला. धावल्याने उतरला नाही.

मग बोलायचंच नाही? बोलायचं, पण धडधड उतरल्यावर आणि नेमकं. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या मेंदूच्या स्कॅनप्रयोगात समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव देताना कपाळामागचा एक भाग (उजवा व्हेंट्रोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स) जागा झाला आणि शेजारच्या मीडियल प्रीफ्रंटलमार्फत अमिग्डालाची, म्हणजे भीती-रागासारख्या भावनांना दाद देणाऱ्या केंद्राची, हालचाल मंदावली. रागाचं कारण नेमकं सांगणं ऐकणाऱ्यावरही परिणाम करतं. ब्रेस्कॉल आणि उलमन या संशोधकांनी २००८ मध्ये नोकरीच्या मुलाखतींचे व्हिडिओ लोकांना दाखवले. चिडलेल्या पुरुषाची पत वाढली, बाईची घसरली, कारण पुरुषाचा राग परिस्थितीमुळे आणि बाईचा तिच्या स्वभावामुळे, असं प्रेक्षकांनी परस्पर ठरवलं. तिने रागाचं बाहेरचं कारण सांगितलं, तेव्हा मात्र हा भेद मिटला.

हे अन्यायाचंच आहे. पुरुषाला असा खुलासा द्यावा लागत नाही. तरी "तू नेहमीच असं करतोस"पेक्षा "बैठकीत माझं बोलणं तू तीनदा तोडलंस, त्याचा मला राग आलाय" हे वाक्य पुष्कळ काम करतं. मध्येच डोळे भरून आले, तर हे पाणी रागाचं आहे असं सांगावं आणि वाक्य पुरं करावं.