परवाना वेगळा, बॅकग्राउंड चेक वेगळा: अमेरिकेतल्या बंदुकांबद्दलचा कायमचा घोळ

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॅपवर आणि बातम्यांखाली एकच प्रश्न फिरायला लागतो, "अशा माणसाला लायसन्स दिलंच कसं?" आणि मग तिथल्या पोलिसांना, सरकारला शिव्या. मला हे वाचून वाचून आता वैताग आलाय, कारण बऱ्याचदा त्या माणसाला कोणी लायसन्स दिलेलंच नसतं आणि त्याने मागितलेलंही नसतं. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अशा बहुतेक राज्यांत घरात बंदूक ठेवायला लायसन्स लागतच नाही. तिथे असतो तो बॅकग्राउंड चेक, म्हणजे विकण्याआधी घेणाऱ्याचं नाव बंदी असलेल्यांच्या यादीत आहे का ते बघणं, आणि तो म्हणजे आपल्या परवान्याचं अमेरिकन नाव आहे असं समजणं साफ चूक आहे. हे दोन्ही एकच धरून चाललं की तिथले प्रेपर लोक म्हणजे जे संकटासाठी धान्य, पाणी, काडतुसं साठवून ठेवतात ते काय बोलतात, गन राइट्सवाले कशावरून भांडतात, सरकारवर एवढा संशय कशाचा, यातलं काहीच कळत नाही आणि सगळेच वेडे वाटायला लागतात.

आपल्याकडचं थोडक्यात सांगतो, कारण ज्याच्या नात्यात किंवा गावात कोणाकडे बंदूक आहे त्याला हे पाठ असतं. १९५९ चा शस्त्र कायदा. आधी परवाना, मग बंदूक. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मुंबई-पुण्यात पोलीस आयुक्तांकडे. कारण सांगायचं, जिवाला धोका, शेतपिकाचं संरक्षण, नेमबाजी वगैरे. पोलीस चौकशी करणार, रिपोर्ट जाणार, मग मिळाला तर मिळाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी जास्तीत जास्त २ बंदुका, आधी ३ होत्या, आणि परवान्याची मुदत ३ ची ५ वर्षं झाली. कुठली बंदूक आहे, काडतुसं किती घेता येतील, सगळं परवान्यावर. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की कोकणातल्या काजू-आंब्याच्या बागायतदाराला आपली ठासणीची किंवा सिंगल बॅरल पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, मग बागेत माकडं येवोत नाहीतर रानडुकरं.

हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. ठाण्यातून निरोप येतो कारण कोणाच्या घरी कुठली बंदूक आहे हे ठाण्याला माहिती आहे.

आता अमेरिका. तिथे सुरुवातच उलट्या टोकाकडून होते. आपल्याकडे नियम "बाळगायची नाही" असा आहे आणि परवाना हा त्याला अपवाद. तिथे बाळगणं हा नागरिकाचा हक्क, १७९१ पासून राज्यघटनेत दुसरी दुरुस्ती म्हणून बसलेला, आणि तो हक्क एकेका माणसाचा आहे, घरात स्वसंरक्षणासाठी आहे, हे सुप्रीम कोर्टाने २००८ च्या हेलर खटल्यात स्पष्ट केलं. सरकारला फक्त हरकत घेता येते, आणि ती पण ठरावीक कारणांवरूनच. न्यूयॉर्क राज्यात बाहेर पिस्तूल घेऊन फिरायचं असेल तर "तुला खास गरज काय" हे दाखवून द्यावं लागायचं, ते २०२२ मध्ये ब्रूएन खटल्यात कोर्टाने रद्दच केलं. म्हणजे आपल्या अर्जात जे सगळ्यात आधी विचारतात, नेमकं तेच विचारायचं नाही असं तिथलं कोर्ट म्हणालं. आपल्याकडे अधिकाऱ्याला पटावं लागतं की तुम्हाला बंदूक द्यावी. तिथे सरकारला दाखवावं लागतं की तुम्हाला का देऊ नये.

दुकानात प्रत्यक्ष काय होतं ते बघा. लायसन्स असतं ते दुकानदाराचं, केंद्र सरकारने त्याला दिलेलं, १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे. (केनेडींच्या खुन्याने रायफल पोस्टाने मागवली होती, तो मार्ग या कायद्याने बंद केला.) गिऱ्हाईक ओळखपत्र दाखवतं आणि फॉर्म ४४७३ भरतं. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख आणि मग हो-नाही प्रश्नांची रांग: ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय का, एका वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलायत का, फरार आहात का, बेकायदेशीर ड्रग्ज घेता का, कोर्टाने कधी मनोरुग्ण ठरवलंय का, घरच्यांना मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालीय का. खोटं उत्तर देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांचा मुलगा हंटर २०२४ मध्ये दोषी ठरला तो या फॉर्मवर ड्रग्जबद्दल खोटं लिहिल्यामुळेच, नंतर वडिलांनी माफी दिली ती गोष्ट वेगळी. फॉर्म भरला की दुकानदार फोनवर किंवा कंप्युटरवरून ते नाव एनआयसीएस नावाच्या यंत्रणेकडे पाठवतो. ही एफबीआयची, वेस्ट व्हर्जिनियात क्लार्क्सबर्गला, नोव्हेंबर १९९८ पासून चालू. काही राज्यांत हेच काम राज्याचे पोलीस करतात. उत्तर तीनपैकी एक येतं: प्रोसीड (विका), डिलेड (थांबा) नाहीतर डिनाइड (विकू नका). बरेचदा काही मिनिटांत.

कोणी घरी येत नाही, शेजाऱ्यांना विचारत नाही, बंदूक कशाला हवी हा प्रश्न फॉर्मवर कुठेच नाही. नुसतं नाव यादीत आहे का ते बघतात, बँक जसं कर्ज देताना थकबाकीदारांत नाव आहे का बघते तसं.

इथपर्यंत बऱ्याच जणांना कळतं. घोळ होतो तो याच्या पुढे, आणि माझं खरं दुखणं तेच आहे. लोक म्हणतात, ठीक आहे, परवाना नसेल, पण चेक केला म्हणजे सरकारकडे नोंद तर झाली ना, कोणाकडे कुठली बंदूक आहे ते कळलं ना. नाही कळलं. चेक करताना बंदुकीचा सीरियल नंबर एफबीआयला सांगतच नाहीत, हँडगन आहे की लांब नळीची एवढंच सांगतात. आणि प्रोसीड आलं की खरेदीदाराची ओळख पटेल अशी माहिती २४ तासांच्या आत पुसून टाकायची हा कायदा आहे. सीरियल नंबर असलेला फॉर्म राहतो दुकानात, दुकानदाराच्या कपाटात. १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदुकांची किंवा बंदूकमालकांची रजिस्ट्री बनवायला चक्क मनाई केलीय. मशीनगन, सायलेन्सर वगैरेंची नोंद १९३४ पासून वेगळी होते, पण साधी पिस्तुलं, रायफली, शॉटगन यांची देशभराची यादीच नाही.

मग गुन्ह्यात बंदूक सापडली तर मालक शोधतात कसा? पोलीस सीरियल नंबर एटीएफ या, बंदुकांचे कायदे राबवणाऱ्या केंद्राच्या खात्याच्या मार्टिन्सबर्गच्या ट्रेसिंग सेंटरला कळवतात, तिथला माणूस कंपनीला विचारतो की हा नंबर कुठल्या होलसेलरला विकला, मग होलसेलरला विचारतो कुठल्या दुकानाला, मग दुकानदाराला सांगतो कपाटातला फॉर्म काढ आणि नाव सांग. दुकान बंद पडलं असेल तर त्याची खोकी मार्टिन्सबर्गलाच आलेली असतात, ते कागद स्कॅन केलेत, पण नाव टाकून शोधता येईल अशी सोय मुद्दाम ठेवलेली नाही, फोटोसारखं एकेक पान बघत जायचं. आणि एवढं करून मिळतो तो दुकानातून घेणारा पहिला गिऱ्हाईक. त्याने पुढे कोणाला विकली असेल तर धागा तिथेच तुटला.

आपल्या डोक्याने विचार केला तर हा शुद्ध मूर्खपणा वाटतो, एवढ्या श्रीमंत देशाला साधा डेटाबेस करता येऊ नये. पण येत नाही असं नाहीये, करू दिलेला नाही. यादी असली की एक दिवस जप्ती येईल ही भीती त्यामागे आहे, आणि ती अगदीच हवेतली नाही. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स बुडालं, पोलीस यंत्रणा कोलमडली, लूट चालू, आणि नेमकं त्या वेळी तिथल्या पोलिसांनी सामान्य लोकांच्या कायदेशीर बंदुका काढून घेतल्या. ज्या दिवसासाठी माणूस बंदूक बाळगतो त्याच दिवशी सरकार ती न्यायला आलं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि २००६ मध्ये संसदेने आपत्तीच्या काळात अशी जप्ती करायला बंदी घातली. कुठल्याही प्रेपरशी बोला, कतरिना येणारच. त्याआधीचे दोन घाव म्हणजे १९९२ चं आयडाहोतलं रुबी रिज (एका कुटुंबाच्या घराला सरकारी वेढा) आणि १९९३ चं टेक्सासमधलं वेको (एका धार्मिक पंथाच्या वस्तीला वेढा). दोन्ही प्रकरणांची सुरुवात बंदुकीच्या कायद्यावरून आणि एटीएफपासूनच झाली. रुबी रिजला एक बाई, तिचा १४ वर्षांचा मुलगा आणि एक मार्शल म्हणजे केंद्राचा पोलीस अधिकारी मेला. वेकोला एटीएफचे ४ जण मेले आणि ५१ दिवसांच्या वेढ्यानंतर आगीत ७० हून जास्त माणसं गेली, लहान मुलं धरून. याच रागातून टिमोथी मॅकव्हेने १९९५ मध्ये वेकोच्याच तारखेला ओक्लाहोमा सिटीत बॉम्ब लावून १६८ माणसं मारली, त्याचं समर्थन कुठल्याही बाजूने होऊ शकत नाही. पण संशय येतो कुठून ते यातून कळतं. आणि आता आचारसंहितेतली ती जमा केलेली बंदूक आठवा. आपल्याला जे रुटीन वाटतं, ते टेक्सासच्या प्रेपरला सांगितलं तर तो म्हणेल, बघा, मी म्हणत होतो ना.

आपण तरी सरकारच्या बाजूने इतके निवांत का? आपला परवाना आला तो १८७८ च्या कायद्यातून, लॉर्ड लिटनच्या काळातला. त्यात हिंदी माणसाला परवाना आणि गोऱ्याला सूट होती. म्हणजे तिथे प्रजेचा सरकारवर अविश्वास आणि इथे सरकारचा प्रजेवर. १९३१ च्या काँग्रेसच्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला होता, नियमांच्या अधीन राहून का होईना. राज्यघटनेत तो आला नाही. कर्नाटकातल्या कोडगूच्या (कुर्गच्या) कोडवा समाजाला परवान्यातून सूट आहे ती अजून चालू आहे.

आता "गन शो लूपहोल", म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनातली पळवाट, हा शब्द. मला तो आवडत नाही, कारण त्यामुळे लोकांना वाटतं की गन शोमध्ये कायदा लागू नाही. लायसन्सवाला दुकानदार शोमध्ये टेबल लावून बसला तरी त्याला चेक करावाच लागतो. सूट आहे ती खाजगी माणसाला, जो धंदा म्हणून विकत नाही. केंद्राच्या कायद्याप्रमाणे तो आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या माणसाला पार्किंगमध्ये उभा राहून विकू शकतो, ना फॉर्म ना फोन, समोरचा बंदीतला आहे हे माहिती नसलं म्हणजे झालं. काही राज्यांनी यालाही चेक लावलाय, बाकीच्यांनी नाही. प्रेपरांमध्ये अशा "बिनकागदाच्या" बंदुकीला फार मान. माझं मत ठाम आहे: खाजगी विक्रीला चेक हवाच. यादी न बनवता चेक करता येतो, दुकानात रोज करतातच, त्यामुळे "चेक म्हणजे रजिस्ट्री" हे गन राइट्सवाल्यांचं ओरडणं मला तितकंच चुकीचं वाटतं जितकं आपल्या लोकांचं "लायसन्स दिलंच कसं" हे.

चेकच्या भोकांबद्दल बोलायचं तर दोन भोकं खरी आहेत. एक, डिलेड आलं आणि कामाचे ३ दिवस उत्तर आलं नाही तर दुकानदार विकू शकतो (२१ च्या आतल्या गिऱ्हाइकासाठी ही मुदत २०२२ पासून वाढू शकते). २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये ९ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल मिळालं ते असंच. दुसरं, यादीत नाव टाकायचं काम ज्याचं त्याने केलं नाही तर सगळं फुकट. टेक्सासच्या सदरलँड स्प्रिंग्जमध्ये २०१७ साली २६ जणांना मारणाऱ्याला हवाई दलाच्या लष्करी कोर्टाने घरच्या मारहाणीबद्दल शिक्षा दिली होती, पण ती एफबीआयला कळवलीच नाही, म्हणून चेकमध्ये तो साफ निघाला. प्रश्न विचारायचा तर हा विचारा, नोंद का नव्हती?

मग अमेरिकेत लायसन्स शब्द ऐकू येतो तो कशाचा? बहुतेक वेळा बंदूक अंगावर घेऊन बाहेर फिरण्याचा, घरात ठेवण्याचा नाही. टेक्सासने सप्टेंबर २०२१ पासून तोही सक्तीचा ठेवला नाही, आता निम्म्याहून जास्त राज्यांत तसंच आहे. अपवाद आहेत आणि आपली बरीच मंडळी नेमकी त्या अपवादात राहतात. न्यू जर्सीत बंदूक घ्यायच्या आधी पोलिसांकडून ओळखपत्र लागतं, पिस्तुलाला प्रत्येक वेळी वेगळं परमिट. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनचा मामा सांगतो "इथे लायसन्स लागतं" आणि ह्यूस्टनची मावशी सांगते "काही लागत नाही", दोघंही आपापल्या राज्यापुरतं बरोबर सांगतात.

फी, वय, किती बंदुका वगैरे फरक किरकोळ आहेत, वय तेवढं सांगतो, केंद्राच्या कायद्याने दुकानातून रायफल-शॉटगन १८ ला आणि हँडगन २१ ला.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला तुम्हाला मुळातच बंदी आहे, ग्रीन कार्डवाल्याला ती नाही. अपवाद थोडे आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स, जे बऱ्याच ठिकाणी सहज निघतं. मित्राबरोबर रेंजवर जाऊन भाड्याने पिस्तूल चालवणं हेसुद्धा बाळगणंच धरलं जाऊ शकतं, त्यामुळे "टेक्सासमध्ये तर लायसन्सच लागत नाही" असं कोणी सांगितलं म्हणून हातात घेऊ नका. आधी स्वतःचा व्हिसा बघा, शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, आणि फॉर्म ४४७३ वर व्हिसाचा प्रश्न येतो तिथे खरं तेच लिहा.