छोटी टिपणं, तुमच्याच वेबसाइटवर: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बहुतेक वेबसाइटवर ‘आमच्याविषयी’, ‘सेवा’ आणि ‘संपर्क’ ही तीन पानं असतात आणि वर्षानुवर्षं ती तशीच राहतात. रोजचं लिहिणं होतं ते फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपच्या स्टेटसला. छाटणीनंतर डाळिंबाच्या बागेत काय दिसलं, दवाखाना कोणत्या दिवशी बंद आहे, दहावीच्या भूमितीतलं एखादं प्रमेय मुलांना कसं समजावलं. या चार-पाच ओळींतच तुमचं काम खऱ्या अर्थाने दिसतं. हे लिहिणं आधी तुमच्या वेबसाइटवर यावं असं आमचं ठाम मत आहे. त्यासाठी आम्ही वेबसाइटला ‘टिपणं’ हा विभाग जोडून देतो.

स्टेटस २४ तासांत जातं. फेसबुकवरची दोन वर्षांपूर्वीची पोस्ट तुमची तुम्हालाही पटकन सापडत नाही. कधी कधी अख्खं ठिकाणच बंद होतं: ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं, सर्वसामान्यांसाठीचं गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी, आणि आपल्याकडचं, मराठीत लिहिता येणारं ‘कू’ २०२४ च्या जुलैत.

लिहायचं कसं

फोनवर ब्राउझर उघडा, लिहा, ‘प्रकाशित करा’ दाबा. शीर्षक लागत नाही. तारीख-वेळ आपोआप पडते आणि प्रत्येक टिपणाला स्वतःचा पत्ता, म्हणजे लिंक मिळते.

या पत्त्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मराठी वेबसाइटचं घोडं इथेच अडतं. टिपणाचे पहिले शब्द उचलून देवनागरीत पत्ता तयार केला, तर ब्राउझरमध्ये तो छान दिसतो. पण तोच कॉपी करून कुणाला पाठवला की बऱ्याचदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर-चिन्ह तिथे नऊ चिन्हांचं होतं. ‘पाऊस’ एवढ्याशा शब्दाची ३६ चिन्हं! अशी लिंक बघून लोकांना ती फसवणुकीची वाटते आणि ते उघडत नाहीत. म्हणून आम्ही पत्त्यात फक्त तारीख आणि त्या दिवसाचा क्रमांक ठेवतो. मजकूर नंतर दुरुस्त केलात तरी पत्ता बदलत नाही, त्यामुळे जुनी लिंक तुटत नाही.

मग वाचणार कोण?

नुसतं वेबसाइटवर लिहून वाचक धावत येत नाहीत, हे आधीच सांगतो. सोशल मीडिया सोडा असं आम्ही म्हणत नाही. आधी स्वतःकडे प्रकाशित करा, मग त्याची प्रत लिंकसह बाकी ठिकाणी पाठवा. फेसबुक पेजवर ही प्रत आपोआप जाण्याची सोय करता येते. वैयक्तिक प्रोफाइलवर मात्र बाहेरच्या सॉफ्टवेअरला पोस्ट टाकण्याची परवानगी २०१८ पासून नाही, तिथे हातानेच चिकटवावं लागतं. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, म्हणून ती प्रोफाइलमध्ये ठेवा. आरएसएस फीड, म्हणजे नवं टिपण वाचकाच्या फीड-रीडर ॲपमध्ये आपोआप पोचवणारी सोय, आम्ही सुरू करूनच देतो. ज्यांना नेमाने वाचायचं आहे त्यांना खातं न उघडता तुमचं प्रत्येक टिपण मिळतं, लिहिलेल्या क्रमानेच.

जुनं लिखाण

फेसबुकवरून तुमची माहिती उतरवून (डाउनलोड करून) आमच्याकडे द्या, निवडक पोस्ट आम्ही मूळ तारखेसह टिपणांत घालू. उतरवताना फाइलचा एचटीएमएल (HTML) प्रकार निवडा. जेसन (JSON) प्रकारात देवनागरी अक्षरं बिघडून येतात आणि ती सरळ करण्यात वेळ जातो. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत आणावा लागेल. त्याशिवाय तो गूगलच्या शोधात सापडत नाही. या रूपांतरात जोडाक्षरं चुकतात, तेव्हा एकदा तुमच्या नजरेखालून घालावंच लागतं.

मालकी

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव, तुमच्या नावावर, तुमच्या ई-मेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर नोंदवलं जातं. आमच्या नावावर आम्ही ते घेत नाही, तुम्ही सांगितलंत तरी नाही. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर डोमेन असतं, तो फोन उचलेनासा होतो आणि धंद्याचं नावच हातातून जातं, असे ग्राहक आमच्याकडे येतात. त्यांना मदत करणं फार अवघड असतं. आमची सेवा सोडायची असेल तेव्हा सगळी टिपणं आणि फोटो एका फाइलमध्ये देऊ. डोमेन दुसरीकडे नेण्यासाठी लागणारा ऑथ कोड (एक प्रकारचा पासवर्ड) डोमेन-नोंदणीच्या तुमच्याच खात्यातून मिळतो, त्यासाठी आमची परवानगी लागत नाही.

डोमेनचं नूतनीकरण चुकलं तर वेबसाइट आणि तिच्यावरची सगळी टिपणं दिसेनाशी होतात. त्याची आठवण ई-मेलवर येते, म्हणून पहिल्या भेटीला येताना असा ई-मेल पत्ता ठरवून या, जो तुम्ही स्वतः रोज उघडता.