पार्श्वभूमी : पर्यटकांचा चहासमारंभ आणि 1872 चे टेबल

चेरीच्या बहरात जपानला निघणाऱ्या मुंबई-पुण्याच्या सहलींत क्योतोच्या मुक्कामी चहासमारंभ बहुतेक असतोच. पाऊण तास, फार तर तासभर. आधी एक गोड पदार्थ, मग एक वाडगा माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या भुकटीचा घुसळलेला चहा, आणि ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी टेबल-खुर्ची. वाद सुरू होतो तो या टेबल-खुर्चीवरून. ‘हे पर्यटकांसाठी घेतलेले सोंग आहे, खरा समारंभ तातामीवरच, म्हणजे जपानी घरातल्या जाड चटईवरच’ असे ठासून सांगणारे बरेच भेटतात आणि ते ऐकून आपण फसवले गेलो, असे वाटून घेणारे प्रवासीही. ही समजूत खोडून काढायला हवी. टेबलावरच्या चहाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. चहाच्या एका मोठ्या घराण्याच्या प्रमुखानेच ती पद्धत बसवली आणि तीही परदेशी पाहुणे येणार म्हणूनच.

त्याआधीचा भाग थोडक्यात. चहाची भुकटी गरम पाण्यात घुसळून पिण्याची रीत चीनहून 1191 मध्ये परतलेल्या एका झेन भिक्षूने जपानात रुजवली. त्यानेच 1202 मध्ये क्योतोत केन्निनजी हा मठ स्थापन केला; या मठाचे नाव पुढे पुन्हा येईल. सोळाव्या शतकात साकाई बंदरातल्या श्रीमंत व्यापाऱ्यांच्या वर्तुळात चहाला आजचे वळण लागले. त्यातल्या सर्वश्रेष्ठ गुरूला 1591 मध्ये राज्यकर्त्याने पोट फाडून घ्यायला लावले. ती कथा आणि ‘वाबी’चे, म्हणजे साधेपणातल्या सौंदर्याचे, तत्त्वज्ञान इतक्या ठिकाणी वाचायला मिळते की इथे पुन्हा सांगत नाही. त्या गुरूची मानली जाणारी दोन तातामींची खोली यामाझाकीत आजही उभी आहे.

परक्या माणसाने चहाला बसणे हेही नवे नाही आणि त्या कथेत गोवा आहे. सोळाव्या शतकात जपानला जाणारे जेझुइट पाद्री गोव्यावरून जात. त्यांच्यातल्या एका पोर्तुगीज वैद्याने 1565 च्या पत्रात साकाईतल्या एका व्यापाऱ्याकडच्या चहाचे वर्णन लिहून ठेवले : एका माणसापुरते दार, जेवण, मग चहा, आणि त्यानंतर यजमानाने एकेक करून दाखवलेली मौल्यवान भांडी. 1577 मध्ये गोव्याहून निघून दोन वर्षांनी जपानला पोचलेल्या एका वरिष्ठ पाद्र्याला तर या भांड्यांचे मोल उमगेनाच. तिथल्या एका सरदाराने नऊ हजार चांदीच्या ताएलांना (ताएल हे तेव्हाचे चांदीचे वजनी चलन) घेतलेली मातीची चहाची डबी त्याने पाहिली आणि लिहिले, आपल्याकडे हिचा उपयोग पक्ष्याच्या पिंजऱ्यात पाणी ठेवायलाच झाला असता. तरीही मिशनच्या घरांत चहाची खोली हवी, असा नियम त्याने घालून दिला, कारण जपानी पाहुण्याचे स्वागत चहावाचून होऊ शकत नाही हे त्याला पटले होते. सतराव्या शतकात जपानची दारे परदेशीयांना बंद झाली आणि पुढची दोनशे वर्षे हा विषयच उरला नाही.

आता 1872. ते वर्ष नीट समजून घेतल्याशिवाय आजचा पर्यटकांचा चहा समजत नाही.

1868 ला सत्ता पालटली. सरदारांचे इलाखे गेले आणि त्यांच्याबरोबर चहाच्या घराण्यांचे वतनही गेले. पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या सरदाराकडे चहाचे काम पाहणारी ही घराणी एकाएकी निराधार झाली. जुनी भांडी, गुंडाळचित्रे कवडीमोलाने बाजारात आली. पाश्चात्त्य ते सगळे चांगले, असा तो काळ होता. चहा ही रिकामटेकड्यांची करमणूक ठरू लागली होती. त्यातच सम्राटाने मुक्काम टोकियोला हलवला आणि क्योतो ओस पडू लागले. शहर सावरायला तिथल्या प्रशासनाने आणि व्यापाऱ्यांनी प्रदर्शन भरवायचे ठरवले. 1871 मध्ये एक छोटे प्रदर्शन झाले. 1872 मध्ये निशी होंगानजी, केन्निनजी आणि चिओन-इन या तीन मठांत मोठे भरले. परदेशी माणसाला तेव्हा ठरावीक बंदरांच्या आसपासच फिरता येई, क्योतोत यायला बंदी होती. प्रदर्शनापुरते खास परवाने देऊन ती उठवली गेली आणि साडेसातशेच्या वर परदेशी पाहुणे आले. गिओन भागातल्या नर्तिकांचा वसंतातला नृत्यमहोत्सव याच प्रदर्शनासाठी सुरू झाला. तोही आज प्रवाशांच्या यादीत असतो आणि तिथेही नृत्याआधी टेबलावर केलेला चहा मिळतो.

या पाहुण्यांना चहा द्यायचा कसा, हा प्रश्न सुरुवातीला उल्लेख केलेल्या चहाच्या मोठ्या घराण्याच्या अकराव्या पिढीच्या प्रमुखापुढे आला. ज्यांना पाय मुडपून पाच मिनिटेही बसवत नाही, त्यांना तास-तास तातामीवर बसवणे म्हणजे छळच. आखूड काटछाट केलेला चहा त्यांच्या हातात टेकवून वाटेला लावणे त्याला सहज शक्य होते. त्याने तसे केले नाही. काळ्या रोगणाचे एक टेबल बनवून घेतले, त्यावर शेगडी, पाणी उकळायचे लोखंडी भांडे, थंड पाण्याचा घट, पळी ठेवायचे पात्र असा सगळा सरंजाम मांडला. ही मांडणी त्याने साधी निवडली नाही, तर जुन्या औपचारिक मांडणीवरून घेतली, जी एरवी वरच्या पायरीच्या विद्यार्थ्याला शिकवतात. यजमानासाठी गोल बैठकीचे आसन, पाहुण्यांसाठी अरुंद मेज आणि आसने. नमस्कार उभ्याने. या पद्धतीचे ‘र्युरेई’ हे नावही त्या उभ्या नमस्कारावरूनच पडले. रेशमी फडक्याची घडी घालून डबी आणि चमचा पुसणे, वाडगा ऊन पाण्याने विसळणे, बांबूची रवी त्या पाण्यात तपासून घेणे, हा क्रम तातामीवर असतो तसाच राहिला. केन्निनजीच्या आवारात हा चहा पाहुण्यांना दिला गेला, म्हणजे भुकटीचा चहा आणणाऱ्या भिक्षूच्याच मठात.

त्याच वर्षी त्याच माणसाने दुसरी लढाई लढली, आणि मला ती पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. नव्या सरकारी वर्गीकरणात चहा शिकवणाऱ्यांची गणना ‘करमणुकीच्या कलांवर पोट भरणारे’ या वर्गात करून त्यांना तसा परवाना द्यायचे क्योतोच्या प्रशासनाने ठरवले होते. गाणे-बजावणे, नाच आणि चहा एकाच ओळीत. घराणेप्रमुखाने लेखी हरकत घेतली. चहाचे मूळ स्वामिनिष्ठेत, आईबापांच्या सेवेत आणि कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या पाच सद्गुणांच्या आचरणात आहे, तो करमणुकीचा धंदा नाही, अशी त्याची मांडणी होती. आज ही भाषा फार उपदेशाची वाटते. पण शाळांत चहा शिकवला जाऊ लागला, विशेषतः मुलींच्या शाळांत, त्याचा पाया या भाषेनेच घातला. पुढच्या काही दशकांत चहा शिकणाऱ्यांत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त झाल्या. आज प्रवाशापुढे चहा करायला बसते ती व्यक्ती बहुधा बाई असते, त्यामागे हा इतिहास आहे.

या दोन निर्णयांवर तेव्हा टीका झाली, आजही होते. एकाच वेळी ‘आम्ही करमणूक नाही’ म्हणायचे आणि प्रदर्शनात परदेशी लोकांसाठी टेबल मांडायचे, हा दुटप्पीपणा असल्याचा आक्षेप आहे. मला त्यात विरोध दिसत नाही. पाहुण्याला अवघडू न देणे हा चहातला सर्वांत जुना नियम आहे. त्या प्रमुखाने बसण्याची रीत बदलली, बाकी शिस्त सोडली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : टेबल आले की छोटी खोली जाते. दीड-दोन तातामींच्या खोलीत जेमतेम 66 सेंटिमीटर उंचीच्या दारातून सरपटत शिरायचे, गुडघ्याला गुडघा लावून बसायचे, अंधुक उजेडात पाण्याचा आवाज ऐकायचा, हे दिवाणखान्यात जमत नाही. हे खरेच आहे आणि र्युरेईच्या बाजूचे जाणकारही ते नाकारत नाहीत.

मात्र पाय मुडपून बसणे हेच मूळ, असे म्हणणाऱ्यांचा आधार कच्चा आहे. आपण ज्याला वज्रासन म्हणतो ती बैठक जपानात सर्वसाधारण झाली ती नंतर, एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक), टप्प्याटप्प्याने. सोळाव्या शतकातले चहागुरू मांडी घालून किंवा एक गुडघा उभा ठेवून बसत. तेव्हा मराठी प्रवाशाने यजमानाची परवानगी घेऊन खुशाल मांडी घालावी. बहुतेक यजमान आपणहूनच तसे सांगतात.

स्पर्शाच्या बाबतीतही असाच एक बदल झाला. घट्ट चहा एकाच वाडग्यातून सगळ्या पाहुण्यांनी पाळीपाळीने प्यायचा, ओठ लागलेली कड पुसून पुढच्याला द्यायचा, ही जुनी रीत. आपल्याकडे उष्ट्याचा विचार चटकन मनात येतो. जपानातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आरोग्याच्या कारणाने हा प्रश्न उठला आणि त्याच घराण्याच्या तेराव्या पिढीच्या प्रमुखाने 1911 मध्ये प्रत्येकाला वेगळा वाडगा देण्याची पद्धत बसवली. ती फारशी रुळली नव्हती. कोरोनाच्या काळात ती पुन्हा वर काढली गेली आणि या वेळी सगळीकडे पसरली. पर्यटकाच्या तासाभराच्या कार्यक्रमात बहुतेक वेळा पातळ चहाच असतो आणि तो ज्याचा त्याला मिळतो, त्यामुळे ही अडचण येत नाही. घट्ट चहा, जेवण, कोळसा रचणे, मधली सुट्टी आणि शेवटी पातळ चहा असा पूर्ण प्रकार चारेक तास चालतो आणि तो बहुधा ओळखीच्या निमंत्रितांसाठीच असतो.

शाकाहाऱ्यांना विचारावा लागतो तो गोड पदार्थ. लाल अझुकी किंवा पांढऱ्या घेवड्याच्या गोड सारणाचे, तांदळाच्या पिठाचे आणि समुद्रशेवाळाच्या चिकाचे प्रकार निर्धास्त खावेत. काही भाजक्या प्रकारांत अंडे असते. सारणाची चव पुरणाच्या जवळची आहे, फक्त वेलची-जायफळ नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर चहा देशाबाहेर गेला. 1951 मध्ये घराण्याचा तरुण वारसदार अमेरिकेला गेला आणि पुढे अनेक देशांत शाखा निघाल्या. क्योतोतला आजचा इंग्रजीतून समजावणारा यजमानवर्ग बऱ्याच अंशी त्या शाखांतून, परदेशी विद्यार्थ्यांतून आणि त्यांच्या शिक्षकांतून आला. खरी लाट आली ती मात्र पर्यटनामुळे. सरकारने 2003 मध्ये पर्यटक ओढण्याची मोहीम काढली तेव्हा वर्षाला 52 लाख परदेशी येत होते. 2013 मध्ये हा आकडा एक कोटीच्या पुढे गेला, 2024 मध्ये 3 कोटी 68 लाखांवर. किमोनो भाड्याने, फोटो आणि चहा असे एकत्र विकणारी दुकाने याच काळातली. जपानात चहा शिकणाऱ्यांची संख्या घटत असताना परदेशी पाहुणे वाढत आहेत आणि कित्येक शिक्षकांचा चरितार्थ आता त्यांच्यावर चालतो.

त्यात माचाची टंचाई आली. माचासाठी लागणाऱ्या पानाचे, तेंचाचे, उत्पादन 2010 ते 2023 या काळात जवळपास तिप्पट होऊन चार हजार टनांवर गेले, तरी मागणी पुरी होईना. 2024 च्या शरदात क्योतो-उजीच्या नामांकित पेढ्यांनी एका गिऱ्हाइकाला किती डबे द्यायचे यावर मर्यादा घातली. 2025 च्या वसंतात क्योतोच्या लिलावात तेंचाचा सरासरी भाव किलोला 8,000 येनच्या वर गेला. आइस्क्रीम आणि लाटेसाठीच्या मागणीचा भार चहाच्या खोलीवर येऊन पडला आहे.

चहा ही करमणूक की नाही, हा 1872 चा प्रश्न कायद्यात पुन्हा आला तो 2001 मध्ये. संस्कृती आणि कलांविषयीच्या मूलभूत कायद्यात चहा, पुष्परचना आणि सुलेखन यांना ‘जीवनसंस्कृती’ म्हटले आहे. त्याच कलमात गो आणि शोगी हे पटावरचे खेळ ‘लोकांची करमणूक’ म्हणून येतात. वर्ग वेगळे झाले, कलम एकच राहिले. ‘चहासमारंभ’ हे नाव आपल्या दुकानाला लावायला मात्र आजही कुणाला विचारावे लागत नाही. म्हणून आरक्षण करताना तीन गोष्टी विचाराव्यात : चहा करणारी व्यक्ती कोणत्या घराण्यात शिकली, ती पाहुण्यांसमोर चहा करणार की आतून आणून देणार, आणि एका वेळी पाहुणे किती. टेबल आहे की तातामी, हे त्यानंतर आपल्या गुडघ्यांना विचारून ठरवावे.