विमानांचा रेडिओ ऐकायची आवड आहे? आधी कायदा समजून घ्या, मग हॅमचा अर्ज भरा

घाटकोपर-कुर्ल्याच्या गच्चीवर संध्याकाळी उभं राहिलं की उतरणारी विमानं एकामागोमाग एक डोक्यावरून जातात. मोबाइलच्या ॲपवर विमान कुठून आलं, किती उंचीवर आहे हेही दिसतं. मग साहजिकच पुढचा प्रश्न येतो: टॉवर आणि वैमानिक काय बोलतात, ते ऐकता येईल का? आमच्या हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्यांच्या, वर्गात हा प्रश्न दर बॅचला येतो, आणि विचारणारी मुलं बहुतेक अकरावी-बारावीची असतात. त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

तांत्रिकदृष्ट्या हे काम अवघड नाही. विमानांशी होणारं बहुतेक बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, एएम पद्धतीनं चालतं. आपला एफएम रेडिओ १०८ ला संपतो, म्हणजे हा पट्टा तसा शेजारीच. इथे अजूनही एएम का, याचं कारण सुंदर आहे. एफएमवर दोघं एकदम बोलले तर जोरकस सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो. एएमवर दोन सिग्नल एकमेकांवर आदळले की शिट्टीसारखा आवाज येतो आणि आणखी कोणीतरी बोलतंय हे टॉवरमधल्या कंट्रोलरला कळतं. सुरक्षिततेसाठी ती शिट्टी मोलाची आहे.

अडचण कायद्याची आहे. केवळ छंद म्हणून हे बोलणं ऐकायचा परवाना भारतात मिळत नाही. त्यासाठी कोणता अर्जही नाही, त्यामुळे 'करून देतो' म्हणणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका. घरातल्या साध्या रेडिओ-टीव्हीला आता परवाना लागत नाही, म्हणून कोणताही रिसीव्हर चालेल असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. १९३३ चा वायरलेस कायदा असो की जुन्या कायद्यांची जागा घ्यायला आलेला २०२३ चा दूरसंचार कायदा, परवानगीशिवाय रेडिओ उपकरण जवळ बाळगणं दोघांनाही मान्य नाही आणि आपल्यासाठी नसलेले संदेश पकडणं तर त्याहून गंभीर. त्यात आपल्याकडे पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं आणि गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथे प्रवासी विमानांशीही लष्करी कंट्रोलरच बोलतात. 'मी फक्त ऐकत होतो' हे उत्तर तिथे पुरणार नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून वॉकी-टॉकी घेऊन ठेवणंही टाळा. अशा विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा पाठवल्या होत्या.

मग रेडिओची ही ओढ न्यायची कुठे? माझं ठाम मत आहे की हॅम रेडिओकडे, म्हणजे सरकारी भाषेत हौशी रेडिओ सेवेकडे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच स्पष्ट करतो: हॅमचा परवाना मिळाला म्हणून विमानांचा पट्टा ऐकायचा हक्क मिळत नाही. मिळतात ते हौशी लोकांसाठी राखलेले बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, उदाहरणार्थ १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. पण तिथे तुम्ही नुसते ऐकणारे राहत नाही, बोलायलाही लागता. २००१ च्या भूज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात फोन बंद पडले, तेव्हा निरोप पोचवायला हेच हौशी लोक पुढे आले होते.

पात्रता आणि परीक्षा

वय किमान १२ वर्षं पूर्ण हवं. पदवीची अट नाही. दूरसंचार विभागाची वायरलेस परवाने पाहणारी डब्ल्यूपीसी शाखा ही परीक्षा घेते आणि उत्तीर्ण झाल्यावर जे प्रमाणपत्र देते त्याला 'एसॉक' (अमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेट) म्हणतात. श्रेणी दोन आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. १९७८ च्या नियमांत जास्त श्रेणी होत्या. त्यात फक्त ऐकणाऱ्यांसाठी शॉर्ट वेव्ह लिसनरचा परवानाही होता, पण तोही हौशी बँडपुरता.

रिस्ट्रिक्टेडची लेखी परीक्षा एक तासाची, जनरलची दोन तासांची. दोन्हींत दोन भाग असतात, एक रेडिओच्या तंत्राचा आणि दुसरा नियमांचा. रिस्ट्रिक्टेडला प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. जनरलला प्रत्येकी ५० आणि एकूण ५५. जनरलसाठी शिवाय मोर्स कोड, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं घ्यावा आणि पाठवावा लागतो. नवख्यानं सरळ रिस्ट्रिक्टेडला बसावं, मोर्सच्या धास्तीनं वर्षभर थांबू नये.

अभ्यासाला घाबरण्यासारखं काही नाही. ओहमचा नियम, रिसीव्हरची रचना, अँटेना, लहरींचं प्रसारण एवढाच गाभा आहे. वर्गात मी एक गणित तारेचा तुकडा हातात घेऊनच करून दाखवतो. १४५ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीचा अँटेना किती लांब? ३०० चा चौथा भाग ७५, तो भागिले १४५, म्हणजे साधारण ०.५२ मीटर किंवा ५२ सेंटिमीटर. तारेत लहर थोडी संथ जाते म्हणून पाच टक्के वजा केले की ४९ च्या आसपास. पट्टीनं मोजून तार कापली की ते गणित पुन्हा कोणी विसरत नाही. विमानांची आवड असलेल्या मुलांना दुसरा भाग आणखी सोपा जातो, कारण ए, बी, सी साठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणायची पद्धत त्यांना पाठच असते. विमानाच्या बोलण्यातला हवेच्या दाबाचा 'क्यूएनएच' आणि हॅमचा ठिकाण सांगणारा 'क्यूटीएच' हे तर एकाच क्यू-कोड घराण्यातले, म्हणजे क्यू नं सुरू होणारे तीन अक्षरी संक्षेप.

अर्ज आणि कागदपत्रं

अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' पोर्टलवर करायचा. परीक्षा वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनांमार्फत होते. आपल्याला सोयीची म्हणजे मुंबईचं गोराई रोडवरचं, नागपूरचं आणि गोव्याचं. परीक्षेची फी १०० रुपये आहे. तरी पैसे भरण्याआधी पोर्टलवर त्या दिवशी दिसणारा आकडा पाहा, तोच धरा.

फोटो, सहीचा स्कॅन, ओळखीचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा एकाच फोल्डरमध्ये तयार ठेवा. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: सगळ्या कागदांवर नाव एकसारखं हवं. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, तर आधारवर बहुतेकदा आडनाव शेवटी. माझ्या दाखल्यावर वडिलांचं पूर्ण नाव होतं आणि आधारवर फक्त आद्याक्षर. अर्ज परत आला, आधार दुरुस्त करून घ्यावं लागलं आणि त्या फेरीची परीक्षा हुकली. तेव्हापासून वर्गातल्या प्रत्येकाचे कागद मी शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. एसॉकवर जे नाव छापलं जाईल तेच पुढे परवान्यावर येतं, म्हणून ही दुरुस्ती अर्जाआधीच उरकलेली बरी. अठरा वर्षांखालच्या मुलांचा अर्ज भरताना आई किंवा वडिलांनी शेजारी बसावं.

परीक्षा पास झालात म्हणजे लगेच बोलता येतं, असं नाही. एसॉक हे तुमच्या कौशल्याचं प्रमाणपत्र. स्टेशन चालवायला वेगळा परवाना लागतो आणि त्याचा अर्जही त्याच पोर्टलवर. एसॉकची प्रत, ओळख, फोटो आणि स्टेशन जिथे लावणार त्या जागेचा पत्ता द्यायचा. २० वर्षांच्या परवान्याची फी १,००० रुपये, आजीवन परवान्याची २,०००. परवान्याबरोबर कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची तुमची ओळख, मिळतं. रिस्ट्रिक्टेडचं व्हीयू३ नं सुरू होतं, जनरलचं व्हीयू२ नं. परवाना हातात येईपर्यंत रेडिओ सेट विकत घेऊ नका. तोवर एखाद्या परवानाधारकाच्या घरी बसून ऐका, अशा पाहुण्यांचं आम्हाला मनापासून अप्रूप असतं.

टॉवरशी खरोखर बोलायचंच असेल, म्हणजे वैमानिक व्हायचं असेल, तर विमानाचा रेडिओ वापरण्यासाठीची आरटीआर(ए) परीक्षा वेगळी. ती पूर्वी डब्ल्यूपीसीच घेत असे. १ जानेवारी २०२५ ला भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आणि ते काम डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, गेलं. जुने व्हिडिओ पाहून भलत्याच पोर्टलवर शोधत बसू नका.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांचं काम सोपं आहे. तिथे विमानांचा पट्टा ऐकायला मोकळीक आहे, हौशी मंडळी मोठ्या विमानतळांचं बोलणं इंटरनेटवरही लावतात. हॅमसाठी टेक्निशियन या पहिल्या श्रेणीची परीक्षा ३५ प्रश्नांची, २६ बरोबर आले की पास, आणि परवान्याची फी ३५ डॉलर. सुट्टीत भारतात येताना हॅमचा रेडिओ सेट बॅगेत टाकू नका, अमेरिकेचा परवाना इथे आपोआप चालत नाही.

परवाना आल्यावर त्याची एक प्रत सेटबरोबर ठेवा, सेटचं बिल जपा आणि पहिल्या दिवसापासून लॉगबुक लिहा: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याचं कॉलसाइन.