मशीन कधी लावणार? फिजिओथेरपीत खरं काम कोण करतं

फिजिओकडे पहिल्यांदा गेलेला माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो, मशीन कधी लावणार? शेक, करंट, ध्वनिलहरींचं अल्ट्रासाउंड, मान-कंबरेला ओढ देणारं ट्रॅक्शन यातलं काहीतरी लागलं की ट्रीटमेंट झाली असं वाटतं, आणि निघताना हातात मिळतो तो व्यायामाचा कागद घरी गेल्यावर कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. माझा खांदा आखडला होता तेव्हा पहिले पंधरा दिवस मीही हेच केलं. नंतर या विषयावर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की औषध त्या कागदावरच होतं, आणि असं का, हे कुणीतरी आधीच नीट समजावून सांगितलं असतं तर ते पंधरा दिवस वाया गेले नसते. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात एका जुन्या प्रयोगापासून करतो. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला २० वर्षांच्या पाच धडधाकट मुलांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं. व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते आधी मोजलं होतं, तीन आठवड्यांनी परत मोजलं तर ते पाव हिश्श्यापेक्षा जास्त घसरलं होतं. ३० वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून मोजलं, तेव्हा ते पन्नाशीत आले होते, आणि ३० वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं त्यापेक्षा जास्त नुकसान त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं! आराम म्हणजे काहीच न करणं आणि त्याने नुकसान काय होणार, असं आपण धरून चालतो, पण शरीर आरामाचा अर्थ वेगळाच लावतं, की या भागाची आता गरज नाही, मग इथे खर्च कशाला करायचा.

याच्या उलट बाजूही तेवढीच खरी आहे. हाडावर जसा भार येतो तसं ते आपली घडण बदलतं हे जर्मन सर्जन यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं होतं, आणि आता माहिती आहे की स्नायू, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारी पट्टी) सगळ्यांचंच थोड्याफार फरकाने तसं आहे. पेशींना ताण, दाब जाणवतो आणि त्यावरून त्या आत नवीन प्रोटीन बनवायचं का, किती बनवायचं हे ठरवतात. म्हणजे भार हा शरीराला दिलेला निरोप असतो. तो निरोप किती मोठा द्यायचा, कधी द्यायचा आणि कुठल्या दिशेने द्यायचा, फिजिओचं बरंचसं शास्त्र यातच आहे.

आता कंबर, कारण सगळ्यात जास्त लोक तिच्यासाठीच येतात. २०२० साली जगात साधारण ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि माणसाला अपंगत्व आणणाऱ्या कारणांत तिचा नंबर पहिला लागतो. कंबरेत चमक भरली की माणूस घाबरतो, एमआरआय काढतो, रिपोर्टमध्ये मणक्यांमधली गादी झिजली, गादी फुगली, असं काहीतरी लिहून येतं आणि मग तो आयुष्यभर वाकायला घाबरतो. इथे एक आकडा सगळ्यांना माहिती असायलाच हवा असं मला वाटतं. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांचे स्कॅन वेगवेगळ्या अभ्यासांतून एकत्र करून २०१५ साली छापले गेले, आणि त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्यांमध्ये तर ९६ टक्के. काहीच दुखत नाही अशी माणसं ही! म्हणजे रिपोर्टमधली झीज हेच दुखण्याचं कारण असेल असं नाही, बऱ्याचदा ते केस पांढरे होण्यासारखं असतं.

बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत कमी होते, आणि त्या काळात झोपून राहण्यापेक्षा जमेल तेवढं हिंडत-फिरत राहणाऱ्यांना जास्त फायदा होतो. कुठला व्यायाम, हे मात्र माणसागणिक बदलतं. न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेन्झी यांची १९५६ सालची गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना माहिती असते. पायात कळ जाणाऱ्या एका पेशंटला त्यांनी टेबलावर झोपायला सांगितलं, आधीच्या पेशंटसाठी टेबलाची एक बाजू वर उचललेली तशीच राहिली होती, हा माणूस त्यावर पालथा झोपला, म्हणजे कंबर चांगलीच मागे वाकलेली, आणि त्या काळात असं वाकणं धोक्याचं मानत. मॅकेन्झी परत येऊन बघतात तर पेशंट म्हणतो, कित्येक आठवड्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं. पायातली कळ गेली होती. तिथून एक पद्धतच उभी राहिली, की वेगवेगळ्या दिशांना वाकवून बघायचं आणि कुठल्या दिशेने पायातली कळ वर कंबरेकडे सरकते ते शोधायचं. कळ पायातून वर कंबरेत आली तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते साधारण चांगलं लक्षण धरतात. पण सगळ्यांनाच मागे वाकून फायदा होतो असं नाही, म्हणून शेजाऱ्याचा व्यायाम उचलून करू नका.

आणि हे अगदी गंभीरपणे सांगतो, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पाऊल उचलेना, किंवा कंबरदुखीबरोबर ताप आहे, वजन उगाच घटतंय, तर व्यायाम वगैरे बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठायचा. यातल्या काही गोष्टींत तासांचा हिशोब असतो.

गुडघ्याचं बघा. झीज हा शब्दच असा आहे की माणसाला वाटतं वापरलं की अजून झिजणार, म्हणून तो चालणं बंद करतो, मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो, मग प्रत्येक पावलाचा धक्का सांध्यावर जास्त बसतो, मग दुखणं वाढतं आणि चालणं अजून कमी होतं. या चक्रात अडकलेले खूप लोक बघितलेत. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, सांध्यातल्या द्रवातूनच तिला पोषण मिळतं, आणि दाब पडला-सुटला, पडला-सुटला की स्पंजसारखं ते आत-बाहेर होतं, म्हणजे हालचाल बंद तर तिचं जेवणही कमी. २००२ साली अमेरिकेत १८० पेशंटवर एक धाडसी ट्रायल झाली, काहींच्या झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून साफसफाई केली आणि काहींना नुसते वरून छेद देऊन ऑपरेशन केल्यासारखं केलं. दोन वर्षांपर्यंत दोघांत फरक सापडला नाही. मांडीचे आणि खुब्याचे स्नायू मजबूत करण्याने मात्र दुखणं आणि हालचाल दोन्हीत फरक पडतो हे ट्रायलमागून ट्रायलमध्ये दिसत आलंय, आणि वजन जास्त असेल तर एक किलो कमी केला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. गुडघा पूर्णच गेला असेल तर सांधा बदलावा लागतो हे खरंच आहे, पण त्याच्या आधी आणि नंतरही व्यायाम सुटत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट टेंडनची आहे. टाचेच्या वरची ती जाड दोरी असते ना, ॲकिलीस टेंडन, ती पळणाऱ्यांची दुखते आणि महिनोन् महिने दुखते. स्वीडनमधले हाकान अल्फ्रेडसन हे ऑर्थोपेडिक सर्जन, त्यांची स्वतःची ही दोरी दुखत होती, पण त्यांच्यावर ऑपरेशन करायला वरिष्ठ तयार होईनात, तेव्हा त्यांनी उलटाच विचार केला, की भार देऊन देऊन ती एकदाची बिघडवूनच टाकू म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, दुखलं तरी सोडायची, रोज. आणि टेंडन बिघडायच्या ऐवजी बरं झालं. मग त्यांनी पळणाऱ्या १५ जणांना हेच दिलं, दिवसाला १८० वेळा, १२ आठवडे, आणि १९९८ साली छापलं की पंधराच्या पंधरा जण परत पळायला लागले. पुढच्या मोठ्या अभ्यासांत शंभर टक्के यश काही दिसलं नाही, पण टेंडनला भार देऊन बरं करायचं हा विचार तिथून पक्का झाला. टेनिस एल्बोमध्येही, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या टेंडनच्या दुखण्यातही, आता हेच तत्त्व वापरतात. फक्त टेंडन फार संथ काम करतं, तिथे हिशोब महिन्यांचा, आणि जोरात भार दिला की मधे विश्रांतीचा दिवस ठेवलेला बरा, कारण व्यायामानंतर पहिला दीड दिवस जुनं काढून टाकण्याचं काम पुढे असतं आणि नवीन भरण्याचं मागून येतं. पंधरा दिवस करून फरक नाही म्हणून सोडणारे लोक बहुतेक फरक दिसायच्या आधीच सोडतात.

पाय मुरगळला की बर्फ आणि आराम हे सगळ्यांच्या तोंडावर असतं. तो सल्ला १९७८ साली लिहिणारे डॉक्टर गेब मिरकिन यांनीच नंतर स्वतः लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी भरून येणं उलट लांबू शकतं. बर्फाने दुखणं कमी वाटतं, तेवढ्यापुरता वापरायला हरकत नाही. पण जे बहुतेक लोक करतच नाहीत ते म्हणजे एका पायावर उभं राहायचा सराव. घोट्याच्या लिगामेंटमधून पाय कुठे, कसा तिरका झालाय ही खबर मेंदूला जात असते, मुरगळल्यावर ती खबर बिघडते, आणि म्हणून एकदा मुरगळलेला पाय परत परत मुरगळतो.

खांदा आखडणं म्हणजे फ्रोझन शोल्डर, साधारण चाळिशी ते साठीत होतो, डायबेटिस आणि थायरॉइडवाल्यांना जास्त. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसतं. रात्री कुशीवर झोपता येत नाही, हात पाठीमागे जात नाही. याचं वैशिष्ट्य असं की फिजिओने हात धरून फिरवला तरी फिरत नाही, म्हणजे ताकद कमी नाही, जागाच कमी झालेली असते. सुरुवातीच्या ठणकत्या काळात जोर लावून ताणणं हा मोठा गैरसमज आहे, माझा हात एका ठिकाणी असाच जोराने ओढला होता आणि पुढचे तीन दिवस मी रात्री बसून काढले. त्या काळात सोसेल तेवढंच हलवायचं, गरज वाटली तर डॉक्टर सांध्यात इंजेक्शन देतात, आणि ठणका ओसरला की मग ताणायला वाव मिळतो. मी दर रविवारी भिंतीवर बोटं चढवत न्यायचो आणि जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने खूण करायचो, कारण रोज बघितलं तर काहीच हललेलं दिसत नाही. वर्ष ते तीन वर्षं लागू शकतात, हे आधीच माहिती असलं तर धीर सुटत नाही.

सगळंच असं संथ नसतं. कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते, असं होत असेल तर बऱ्याचदा आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत गेलेले असतात. डॉक्टर जॉन एप्ली यांनी डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते कण परत जागेवर आणायची पद्धत बसवली, काही मिनिटांचं काम आहे, आणि कित्येकांचं एक-दोन वेळातच थांबतं. गोळ्या खात महिने काढलेल्या माणसाला हे बघून रडू आलेलं मी बघितलंय.

पक्षाघातात तर मूळ बिघाड मेंदूत असतो, तरी काम हातातूनच होतं. हात हलवून बघितला, जमला नाही, की माणूस चांगल्या हाताने सगळं उरकायला लागतो आणि मेंदू दुसऱ्या हाताला विसरत जातो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी यावर उपाय काढला की चांगला हातच जागेपणी बराचसा वेळ बांधून ठेवायचा, दोन आठवडे, आणि लुळ्या हाताकडून रोज तासन् तास काम करून घ्यायचं. मनगट आणि बोटं थोडीतरी उघडत असतील त्यांनाच हे लागू पडतं, पण तिथे चांगला फरक पडतो, हे २००६ साली छापलेल्या २२२ पेशंटच्या ट्रायलमध्ये दिसलं.

आणि वय झालं आता काय, म्हणणाऱ्यांसाठी, १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमातल्या लोकांना आठ आठवडे पायाचे वजनाचे व्यायाम दिले होते, ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. सुरुवातीची वाढ बहुतेक नसांमुळे असते, म्हणजे स्नायू तोच, पण मेंदू त्यातले जास्त धागे कामाला लावायला शिकतो, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत जिना सोपा वाटला तर तो भास नसतो.

मग मशीन सगळी फुकट का? नाही. टेन्सच्या, म्हणजे त्वचेवर पट्ट्या लावून देतात त्या हलक्या करंटने दुखणं तेवढ्यापुरतं कमी होऊ शकतं, लागलेली जागा चोळल्यावर बरं वाटतं तसंच काहीसं, दुसरी संवेदना मणक्यातल्या वाटेवर गर्दी करते आणि दुखण्याचा निरोप मागे पडतो. शेकाने स्नायू सैल होतात. त्या अर्ध्या तासात व्यायाम जास्त नीट होत असेल तर जरूर घ्या. अल्ट्रासाउंडचा पुरावा मात्र बहुतेक दुखण्यांत कच्चा आहे, आणि नुसतं मशीन लावून दहा दिवस घरी पाठवत असतील तर विचारायला हवं की माझा व्यायाम कुठे आहे.

व्यायाम करताना किती दुखलं तर चालेल, याला एक सोपं माप आहे. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आधीच्या जागी आलं तर भार बरोबर आहे. सकाळी जास्त दुखतंय, सूज आलीय, तर भार कमी करायचा, बंद नाही. काहीच जाणवत नसेल, आठवडाभर दहा-दहा वेळा अगदी आरामात होतंय, तर त्या भाराचं शरीराला आता नवल राहिलेलं नाही, तेव्हा पुढच्या वेळी फिजिओला विचारा, आता वाढवू किती.